तलाव आपोआप स्वच्छ राहत नाही, गोदावरी पण राहणार नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारी आपल्या पेपरात उन्हाळी परदेश सहलींवर अख्खं पान आलं होतं. त्यातला आल्प्समधल्या तलावाचा मोठा फोटो, निळंशार पाणी, मागं डोंगर, काठावर लाकडी घरं, आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दिवसभर फिरत होता आणि त्याखाली नेहमीच्या कॉमेंट, "तिथली माणसंच वेगळी", "आपल्याकडं असं पाणी या जन्मात दिसणार नाही", "त्यांना देवानंच भरभरून दिलंय". मी जलसंपदा खात्यात नोकरी करून रिटायर झालेला माणूस, पाइप, गेट, उतार, लेव्हल यातच आयुष्य गेलं, आणि मुलगी ऑस्ट्रियात लिंझला नोकरीला असल्यामुळं मी आणि सौ. गेल्या वर्षी नेमकं याच तलावांच्या भागात राहून आलोय. म्हणून हे पत्र लिहितोय, जरा लांबलंय पण कृपया छापा. कारण तो तलाव देवानं दिला तसाच राहिलेला नाही. मधे तो नासायला लागला होता आणि माणसांनी पैसा खर्च करून, काठानं पाइप टाकून तो परत आणलाय, आणि हे फोटोत दिसत नाही.

आधी भाग कोणता ते सांगतो. साल्झबर्ग शहराच्या पूर्वेला साल्झकामरगुट म्हणून प्रदेश आहे, मिठाचा मुलूख म्हणा, तीन राज्यांत पसरलेला, डोंगर, त्यांच्या मधे लांबुळके खोल तलाव, आणि खाऱ्या पाण्याच्या औषधी स्नानांची गावं. आपल्या टूरवाल्यांच्या पॅकेजमध्ये यातलं एकच नाव असतं, हॉलस्टॅट. सकाळी साल्झबर्गहून बस, हॉलस्टॅटला उतरा, फोटो काढा, आइस्क्रीम खा, परत बसमध्ये, संध्याकाळी दुसरा देश. माझे मेहुणे असेच जाऊन आले, त्यांना गाव आठवतं पण पाण्याला हात लावलेला आठवत नाही. इतक्या लांब जायचं, युरो शंभर रुपयांच्या घरात, व्हिसासाठी मुंबईला खेटे, आणि तलावाकाठी जेमतेम जेवणाच्या सुट्टीएवढा वेळ, हे मला पटत नाही. ज्यांना परवडतं त्यांना माझं मनापासून सांगणं आहे की देश कमी करा, पण या भागात एका गावात मुक्काम ठोका आणि तिथूनच ट्रेन, बस, बोटीनं फिरा.

हे अजिबात अवघड नाही. म्युनिक किंवा व्हिएन्नाला उतरायचं, ट्रेननं आटनांग-पुखहाइम नावाच्या जंक्शनला यायचं, तिथून छोटी लाइन सुटते, १८७७ साली सुरू झालेली, ती ग्मुंडेन, एबेनझे, बाड इश्ल, हॉलस्टॅट, ओबरट्राउन, बाड आउसे अशी तलाव आणि नदी धरून जाते. खिडकीची जागा धरा. हॉलस्टॅटचं स्टेशन गावात नाहीच, समोरच्या काठावर आहे, गाडीतून उतरलं की खाली बोट उभी असते आणि तलाव ओलांडून गावात जायचं, बसनं येणाऱ्याला ही मजाच मिळत नाही. साल्झबर्गहून बाड इश्लला साधी बस पण आहे, दीड तासात पोचवते. खाण्याची काळजी करणाऱ्यांसाठी, दुकानं रविवारी बंद असतात हे लक्षात ठेवा आणि शनिवारीच भाजी-दूध भरून ठेवा, किचन असलेली खोली घ्या, नळाचं पाणी बिनधास्त प्या. सौ.नं नाशिकहून मेतकूट आणि दशम्या नेल्या होत्या, वर तांदूळ तिथं मिळतोच, शाकाहारी माणसाचं व्यवस्थित भागतं, फक्त तिथल्या पिठाच्या बऱ्याच पदार्थांत अंडं असतं ते विचारून घ्यावं. आणि पाऊस! जुलैत सुद्धा दोन-दोन दिवस बारीक झड लागते, अगदी इगतपुरीसारखी, छत्री-रेनकोट बॅगेत वरच ठेवा.

आम्ही राहिलो स्ट्रोबल नावाच्या गावात, वोल्फगांग तलावाच्या पूर्व टोकाला. याच तलावावर सेंट वोल्फगांग आणि सेंट गिल्गेन ही दुसरी दोन गावं, मोठ्या संगीतकार मोझार्टची आई या सेंट गिल्गेनची, १७२० साली तिथंच जन्मली. सेंट वोल्फगांग हे जुनं यात्रेचं ठिकाण, म्हणजे आपल्या त्र्यंबकला जसे लोक पायी येतात तसे तिथं डोंगर ओलांडून यायचे, चर्चमध्ये मिखाएल पाखर या कारागिरानं १४८१ मध्ये पूर्ण केलेला लाकडी कोरीव कामाचा सोनेरी देव्हारा आहे, धर्म कुठलाही असो, त्या कामापुढं माणूस गप्प उभा राहतो. तिथूनच शाफबर्ग डोंगरावर दातेरी रुळाची गाडी जाते, १८९३ पासूनची. डोंगर १७८३ मीटर, आपल्या कळसूबाईपेक्षा सव्वाशे-दीडशे मीटरनं उंच, म्हातारी माणसं, काखेत कुबड्या असलेली माणसं सुद्धा वर जाऊन एकाच वेळी चार-पाच तलाव बघून येतात. माझ्या गुडघ्यांना आता कळसूबाईच्या शिड्या झेपत नाहीत, त्यामुळं वर बसून मला खरंच फार बरं वाटलं.

पण माझ्यासारख्या माणसाला सगळ्यात जास्त खिळवून ठेवलं ते मिठानं. हॉलस्टॅटच्या वर डोंगरात मिठाची खाण आहे, तिथं काही हजार वर्षं मीठ काढतायत. वर जायला फ्युनिक्युलर आहे, आपल्या वणीच्या गडावर आहे त्याच तत्त्वावर, जाण्याआधी चालू आहे का ते बघून घ्यावं. आत कामगारांच्या लाकडी घसरगुंडीवरून खाली उतरवतात. मिठामुळं खाणीत काही कुजत नाही, त्यामुळं जुन्या लोकांच्या चामड्याच्या पाठपिशव्या, दोऱ्या, मशालींचे तुकडे जसेच्या तसे सापडले, आणि २००३ मध्ये एक लाकडी जिना सापडला, लाकडाच्या वर्षकड्या मोजून त्याचं साल काढलंय, इसवी सनापूर्वी १३४४ च्या आसपास! पायऱ्यांचा कोन बदलता येईल अशी त्याची रचना आहे. तीन हजार वर्षांपूर्वी खाणीत उतरणाऱ्या कोणीतरी हा विचार केला होता. गावाच्या वर, खाणीजवळ १८४६ पासून योहान गेओर्ग रामझाउअर या खाणीच्या अधिकाऱ्यानं जवळपास हजार जुन्या थडग्यांचं उत्खनन केलं, प्रत्येकाची नोंद, रंगीत चित्रं, आणि त्यावरून युरोपातल्या लोहयुगाच्या एका अख्ख्या कालखंडाला हॉलस्टॅटचं नाव पडलं. तो शिकलेला पुरातत्त्ववाला नव्हता, खाणीचा माणूस होता. सरकारी नोकरीत राहून माणूस केवढी नोंद करून ठेवू शकतो हे बघून ऊर भरून येतो.

आणि पाइपलाइन. खाणीतलं मीठ पाण्यात विरघळवून ते खारं पाणी उकळायचं आणि मीठ वेगळं काढायचं ही जुनी पद्धत, त्याला लाकूड प्रचंड लागतं. हॉलस्टॅटच्या आसपासचं जंगल पुरेना, मग लाकूड पाण्याकडं आणण्याऐवजी पाणीच लाकडाकडं न्यायचं ठरलं. १५९५ ते १६०७ या काळात सुमारे १३,००० झाडांचे ओंडके आतून पोकळ करून, एकाला एक जोडून, हॉलस्टॅटपासून एबेनझेपर्यंत जवळजवळ ४० किलोमीटरची लाइन टाकली, सगळी उतारावर, पंप नाही काही नाही. आज ओंडके गेलेत आणि नवे पाइप आलेत पण खारं पाणी अजून तिकडं जातंय. त्या लाइनच्या कडेनं चालायची वाट आहे, आम्ही तिच्यावर बराच वेळ चाललो. चारशे वर्षांपूर्वी डोंगराच्या कडेनं ४० किलोमीटर लेव्हल सांभाळणं म्हणजे काय हे ज्यानं डम्पी लेव्हल घेऊन उन्हात कालव्याची आखणी केलीय त्यालाच कळेल.

बाड इश्लचं तर सगळं भाग्यच या खाऱ्या पाण्यानं उघडलं. मिठाच्या कामगारांना त्या पाण्यानं सांधेदुखीत आराम पडतो हे तिथल्या डॉक्टरांच्या ध्यानात आलं आणि १८२० च्या दशकात तिथं स्नानगृह सुरू झालं. पुढं राजघराण्यातली माणसं यायला लागली, सम्राट फ्रान्झ योसेफ तर आयुष्यभर उन्हाळ्यात इथं राहायचा, १८५३ मध्ये त्याचा साखरपुडा इथंच ठरला आणि २८ जुलै १९१४ ला सर्बियाविरुद्धच्या युद्धाची घोषणा पण त्यानं इथल्याच बंगल्यातून केली, म्हणजे पहिलं महायुद्ध या सुट्टीच्या गावातून सुरू झालं. बंगला बघायला मिळतो. स्नानाबद्दल एक सांगतो कारण आपली मंडळी तिथं गोंधळतात, कोमट खाऱ्या पाण्याच्या हौदात पोहण्याचा पोशाख लागतो, पण सौनाचा, म्हणजे घाम काढायच्या गरम खोल्यांचा, भाग वेगळा असतो आणि तिथं स्त्री-पुरुष एकत्र, अंगावर काही न घालता बसायची त्यांची पद्धत आहे, त्यात त्यांना काही वावगं वाटत नाही. ज्यांना नको त्यांनी फक्त हौदाचं तिकीट काढावं. सौ.ची कंबर त्या पाण्यात इतकी मोकळी झाली की ती रोज जायला तयार होती. मला मात्र जास्त आवडलं ते हे की अशी स्नानं नुसती श्रीमंतांची चैन राहिलेली नाहीत, तिथल्या नोकरदार माणसाला डॉक्टरनं लिहून दिलं आणि मंजुरी मिळाली तर साधारण तीन आठवड्यांचा असा उपचार सामाजिक विम्यातून होतो, स्वतःचा वाटा थोडाच. आपल्याकडं वज्रेश्वरी-गणेशपुरीला गरम पाण्याची कुंडं आहेत, जळगाव जिल्ह्यात उनपदेव आहे, तिथं आजही गुडघे धरून लोक जातात, त्यांच्यासाठी निदान स्वच्छ कुंड, बायकांना कपडे बदलायला धड खोली आणि पकडायला कठडा, एवढं तरी व्हायला पाहिजे.

आता मूळ मुद्दा. स्ट्रोबलला आमच्या घरमालकीण आजी पंचाहत्तरीच्या पुढच्या, रोज सकाळी तलावात पोहून यायच्या. मुलीला जर्मन येतं, तिच्यामार्फत मी त्यांना विचारलं की पाणी पहिल्यापासून असंच का. त्या म्हणाल्या, कुठलं, आम्ही लहान असताना घराघरातलं सांडपाणी तलावातच जायचं, पुढं हॉटेलं वाढली, उन्हाळ्यात काठाला हिरवं शेवाळ धरायचं, आई पोहायला जाऊ द्यायची नाही. हे एकट्या त्यांचं नाही. १९५० आणि ६० च्या दशकात ऑस्ट्रियाच्या बऱ्याच तलावांची हीच गत झाली होती, पर्यटन वाढलं, सांडपाण्यातलं फॉस्फरस, म्हणजे शेवाळाचं खाद्य, पाण्यात उतरलं, शेवाळ माजलं. जवळच्या मोंड तलावात तर ६० च्या दशकाच्या अखेरीला शेवाळानं कहर केला होता. आणि तलावाचं दुखणं नदीपेक्षा वाईट, कारण पाणी बदलायलाच वर्षं लागतात. आट्टर तलाव, जो अख्खा ऑस्ट्रियात असलेल्यांत सगळ्यात मोठा, त्याचं पाणी एकदा पूर्ण बदलायला साधारण ७ वर्षं जातात. म्हणजे आज टाकलेली घाण सात वर्षं समोर.

मग त्यांनी केलं काय, तर तलावाच्या काठाकाठानं सांडपाण्याची मोठी लाइन फिरवली, घरं, हॉटेलं, कॅम्पिंग, सगळ्यांची जोडणी तिला, आणि ते पाणी तलावात एक थेंब न सोडता, तलावाचं पाणी जिथून बाहेर पडतं त्याच्या खाली नेऊन प्लॅन्टमध्ये शुद्ध करायचं. छताला पन्हळ लावून पागोळ्यांचं पाणी भिंतीपासून लांब सोडतो ना आपण, तेच तत्त्व. हे काम ६०-७० च्या दशकांत सुरू झालं आणि पुढं बरीच वर्षं चाललं. जिथं उतार मिळत नाही तिथं पंप. जोडीला कपड्याच्या साबणातलं फॉस्फेट कमी करायला लावलं, आणि बऱ्याच तलावांवर उन्हाळ्याच्या मोसमात पेट्रोलच्या खासगी बोटींना बंदी घातली, तिथं आता विजेच्या बोटी भाड्यानं मिळतात, आवाज नाही, धूर नाही. वोल्फगांग तलावाची तीन गावं दोन वेगवेगळ्या राज्यांत आहेत, सेंट वोल्फगांग एका राज्यात, बाकी दोन दुसऱ्यात, पण पाणी एकच, त्यामुळं हद्द बघून चाललं नसतं. अशा कामांसाठी काठच्या गावांनी मिळून मंडळं काढली आणि ती आजही प्लॅन्ट चालवतात. पाहुण्याकडून प्रत्येक रात्रीमागं थोडा कर घेतात तो वेगळा, आमच्या बिलात होता, आणि मी तो आनंदानं भरला.

त्यांचं सगळंच आदर्श आहे असं माझं म्हणणं नाही. आट्टर तलावाच्या काठाचा मोठा भाग खासगी बंगल्यांनी अडवलाय, साध्या माणसाला पाण्यापर्यंत जायला वाट शोधावी लागते, आणि तिथल्या लोकांना पण याचा राग आहे. डाखश्टाईन डोंगरावरची हिमनदी वर्षागणिक आटतेय, ते कुठल्याच पाइपनं थांबणार नाही. आणि हॉलस्टॅट गर्दीनं बेजार आहे. गावाची वस्ती साडेसातशेच्या आसपास आणि मोसमात दिवसाला येणारी माणसं हजारोंनी. १९९७ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलं, २०१२ मध्ये चीनच्या ग्वांगडाँग प्रांतात या गावाची नक्कल उभी राहिली, त्यानंतर तर सगळ्या जगाला तिथंच फोटो काढायचाय. २०२३ मध्ये लोकप्रिय फोटोच्या जागेवर गावानं लाकडी कुंपण घातलं, ओरड झाली, काढलं, आणि त्याच ऑगस्टमध्ये गावकरी स्वतः रस्त्यावर उतरले, की बस कमी करा, आम्हाला जगू द्या. बसना २०२० पासून आधी वेळेचा स्लॉट बुक करावा लागतो, त्याशिवाय प्रवेश नाही, आणि आलेल्या बसला ठराविक वेळ थांबावंच लागतं, उतरलं-फोटो-पळालं चालत नाही. मला हा नियम फार शहाणपणाचा वाटला, कारण जो थांबतो तो गावात काहीतरी खातो, विकत घेतो, बघतो, आणि जो पळतो तो फक्त कचरा आणि धूर ठेवून जातो.

हे आपल्याला लागू आहे आणि आजच लागू आहे. आपल्या जिल्ह्यातला साल्हेर किल्ला जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेला, मराठा लष्करी वास्तूंच्या बारा किल्ल्यांमध्ये, केवढा अभिमान वाटला! पण हरिहरच्या कातळ पायऱ्यांवर पावसाळ्यातल्या रविवारी काय अवस्था असते ती आपल्याच पेपरातल्या फोटोंत दरवर्षी दिसते, वर चढणारे आणि खाली उतरणारे एकाच अरुंद जिन्यात अडकलेले, एक पाय सटकला तर शंभर जण खाली. भंडारदऱ्याला काजव्यांच्या दिवसांत गाड्यांच्या दिव्यांनी काजवेच दिसेनासे होतात. साल्हेरच्या पायथ्याच्या गावांना ही पाळी यायच्या आधी रोजची संख्या, वेळेचा स्लॉट, पार्किंग लांब आणि तिथून गावातल्याच पोरांच्या जीपगाड्या, एवढं ठरवून टाका, आणि त्यातून येणारा पैसा गावालाच राहू द्या. हॉलस्टॅटनं हे गर्दी झाल्यावर केलं म्हणून त्यांना इतकं जड गेलं.

पण माझा जीव तुटतो तो गोदावरीसाठी. ब्रह्मगिरीवरून उतरली की त्र्यंबकमध्येच काही ठिकाणी ती स्लॅबखाली झाकली गेलीय, उगमाच्या गावात नदी दिसत नाही. पुढं गंगापूर धरणात थांबते, तिथलं पाणी आजही सुंदर आहे, पहाटे बॅकवॉटरला जाऊन बघा, आल्प्सवाल्या फोटोपेक्षा काही कमी नाही. तिथून शहरात शिरली की सोमेश्वरच्या खाली एक-एक नाला तिला येऊन मिळायला लागतो, नासर्डी आणि वाघाडी या तर एके काळच्या नद्याच, आज त्यांना सुद्धा लोक नाला म्हणतात. रामकुंडावर देशभरातून आलेला माणूस श्रद्धेनं ओंजळ भरतो. तपोवनाच्या पुढं वास यायला लागतो. आणि आपण काय म्हणतो, नदी आहे, वाहून जातं.

कुठं जातं वाहून? मी नोकरीत हे पाणी खालच्या अंगाला बघितलंय म्हणून सांगतो. ते नांदूरमध्यमेश्वरला जाऊन थांबतं. गोदावरी आणि कादवेच्या संगमाजवळचा इंग्रजांच्या काळातला बंधारा, त्याच्या मागं पसरलेलं उथळ पाणी, थंडीत हजारो पक्षी, जानेवारी २०२० मध्ये महाराष्ट्रातली पहिली रामसर (पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीतली) जागा म्हणून जाहीर झालेलं. म्हणजे नाशिक शहराचं सांडपाणी ज्या तलावात साचतं तो आपला आल्प्सचा तलाव हाच आहे. तिथं गाळ साचतो, पानवेली माजतात, शेवाळासाठी जे खाद्य त्या आजींच्या तलावात उतरत होतं तेच इथं उतरतंय. आणि याच बंधाऱ्यावरून गोदावरीचे दोन्ही कालवे निघतात, खाली निफाड, येवला, कोपरगावपर्यंत शेतं आणि गावं या पाण्यावर जगतात. माझी चुलत बहीण खाली कालव्याच्या पट्ट्यात दिलेली आहे, उन्हाळ्यात तिच्या घरी पाणी गाळून उकळून सुद्धा वास मारतो. नाशिकच्या फ्लॅटमध्ये फ्लश ओढणाऱ्या माणसाला हे कधी कुणी दाखवत नाही.

त्यामुळं "तिथली माणसंच वेगळी" हे मला मान्य नाही. माणसं सारखीच, त्यांच्या पण नळ्या तलावातच होत्या. फरक काठानं टाकलेल्या लाइनचा, प्रत्येक घराच्या जोडणीचा आणि रोज चालणाऱ्या प्लॅन्टचा आहे. आपल्याकडं प्लॅन्ट नाहीत असं नाही, तपोवन, आगरटाकळी, चेहेडी, पंचक, आहेत. पण नाल्यातलं पाणी प्लॅन्टपर्यंत पोचण्याआधी नदीत पडत असेल तर प्लॅन्ट कितीही मोठा बांधा, नदीला त्याचा उपयोग काय? तांत्रिकदृष्ट्या हे काम आपल्याकडं तिथल्यापेक्षा सोपं आहे, कारण नदीला एका दिशेनं उतार आहे, दोन्ही काठांनी लाइन उतारावर धावते, तलावाभोवती फिरवताना त्यांना जागोजाग पंप लावावे लागले. अवघड आहे ते दुसरंच. नदी एक आणि कार्यालयं अनेक, नगरपरिषद, महापालिका, ग्रामपंचायती, औद्योगिक वसाहती, धरणाचं खातं, आणि नाला नक्की कुणाचा हे विचारलं की बोट पुढच्याकडं. काठच्या सगळ्यांचं मिळून एक मंडळ, त्र्यंबकपासून नांदूरमध्यमेश्वरपर्यंत, निफाडच्या लोकांना सुद्धा त्यात मत, आणि लाइन कुठं तुंबली तर जबाबदार माणूस कोण हे लोकांना माहीत, असं झालं पाहिजे.

सिंहस्थ तोंडावर आलाय. रस्ते होतायत, पूल होतायत, घाट होतायत, निधी कधी नव्हे इतका येतोय. साधुग्रामसाठी तपोवनातली झाडं तोडायची म्हटल्यावर लोक रस्त्यावर आले, बरं वाटलं मला, तेवढीच कळकळ जमिनीखालच्या लाइनसाठी पण वाटू द्या, ती दिसत नाही म्हणून तिच्यासाठी कुणी बोर्ड घेऊन उभं राहत नाही. पर्वणीच्या दिवशी धरणातून पाणी सोडून रामकुंड तेवढ्यापुरतं वाहतं करता येतं, पण पाणी सोडून नाला बंद होत नाही, तो पुढच्या आठवड्यात परत तिथंच असतो आणि सोडलेलं धरणातलं पाणी पुन्हा उन्हाळ्यात आपल्यालाच कमी पडतं. सिंहस्थाच्या निधीतला पहिला रुपया नाल्यांच्या तोंडाशी खर्च व्हायला पाहिजे असं माझं स्पष्ट मत आहे, घाटाची फरशी नंतर.

आपल्या पेपराला एक विनंती. सहलींचं पान जरूर छापा, लोकांनी जावं, पैसे साठवून जावं, पोहून यावं आणि घरमालकिणीला चार प्रश्न विचारून यावेत. पण त्याच पेपरात दर पंधरा दिवसांनी एक चौकट द्या, सोमेश्वरपासून दसकपर्यंत नदीला मिळणाऱ्या प्रत्येक नाल्याचं नाव, तो कुठं मिळतो, त्याचं पाणी लाइनला जोडलंय की थेट नदीत जातंय, काम कुणाकडं आहे आणि कुठवर आलंय. बातमी नको, नुसता तक्ता. माझ्याबरोबर रिटायर झालेले काही जण अजून धडधाकट आहेत, आम्ही दोन्ही काठांनी चालत जाऊन ही यादी फोटो आणि लेव्हलसकट करून द्यायला तयार आहोत, कोणताही मोबदला नको. तुमच्याकडून एक वार्ताहर आणि एक फोटोग्राफर बरोबर द्या, डावा काठ आधी घेऊ, पावसाच्या आत उरकलं पाहिजे, कारण एकदा पाणी चढलं की नाल्यांची तोंडं दिसत नाहीत.

आपला नम्र,
एक निवृत्त अभियंता,
गंगापूर रोड, नाशिक